सरासरी विहिरीत पाणी किती?

पावसाळा संपला की दरवर्षी पेपरात बातमी येते. अमुक तालुक्याची भूजल पातळी इतक्या मीटरने वाढली, तमुक तालुक्याची इतक्याने घटली. अमरावती जिल्ह्याचे चौदा तालुके, चौदा आकडे, वर किंवा खाली जाणारे चौदा बाण. त्यातला एक आकडा नांदगाव खंडेश्वरच्या वाट्याला. तो आकडा इथल्या एखाद्या शेतकऱ्याला वाचून दाखवा. तो हमखास विचारेल, "आमची इहीर तं मार्चातच आटते भाऊ, तुमी कोनत्या इहिरीचं सांगून रायले?"

प्रश्न साधा आहे, पण स्टॅटिस्टिक्सचं अर्धं पुस्तक त्यात आहे असं माझं मत आहे.

आधी हा आकडा येतो कुठून ते पाहू. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ सालची. तिने गावोगाव निरीक्षण विहिरी ठरवून ठेवल्या आहेत. त्यांची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजतात : जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा सरताना. विहिरी त्याच, पुन्हा पुन्हा. मग त्या महिन्याची तुलना मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी होते. टेप विहिरीत सोडून वर्षानुवर्षं नोंदी ठेवणाऱ्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट असा डेटा मिळणं हे भाग्यच! तक्रार आपल्याबद्दल आहे, म्हणजे असा डेटा हातात आल्यावर त्याचा थ्री-डी बार चार्ट करून प्रोजेक्ट रिपोर्टला चिकटवणाऱ्या भावी इंजिनीअर्सबद्दल.

एकाच वस्तूची पुन्हा पुन्हा मोजणी केली की त्याला रिपीटेड मेझर्स म्हणतात. समजा दहा विहिरी, पाच वर्षं, वर्षाला चार नोंदी. एक्सेल म्हणेल, दोनशे नोंदी आहेत, काय विचारता! पण जी विहीर उथळ पाण्याची ती प्रत्येक वेळी उथळच दिसणार. एका विहिरीच्या नोंदींमधलं साम्य ०.६ धरलं, तर तालुक्याची सरासरी काढायला त्या दोनशे नोंदींची किंमत जेमतेम सोळा सुट्या नोंदींएवढी उरते. म्हणजे आलेखावर आपण जो बारीकसा एरर बार काढून खूश होतो, तो खोटा आत्मविश्वास असतो. उलट मे आणि ऑक्टोबरमधला फरक काढायचा असेल तर हेच साम्य फायद्याचं, कारण प्रत्येक विहिरीची तुलना तिच्या स्वतःशीच होते. हत्यार तेच, वापर वेगळा.

आणि विहिरीविहिरीतला फरक ही काही मोजणीतली चूक नव्हे. नांदगावची जमीन काळ्या पाषाणावर बसलेली आहे. त्या खडकात पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत. एकाच्या विहिरीला भेग लागली, धुऱ्यापलीकडच्याला नाही लागली, संपलं! तिकडे दर्यापूरकडे गेलात तर पूर्णेच्या गाळाचा खारपाण पट्टा, तिथलं गणितच निराळं. हा फरक सरासरीत पुसून टाकणं म्हणजे भूगोलच पुसून टाकणं.

मिक्स्ड इफेक्ट्स मॉडेल इथे कामाला येतं. नाव भारदस्त आहे, कल्पना तशी नाही. सगळ्या तालुक्याला समान लागू असणारा भाग (ऋतू, पाऊस, वर्षागणिक कल) हा फिक्स्ड इफेक्ट. आणि प्रत्येक विहिरीचं स्वतःचं वळण, म्हणजे ती मुळात किती खोल आणि किती वेगाने उतरते, हा रँडम इफेक्ट. ज्या विहिरीच्या नोंदी थोड्या, तिचा अंदाज मॉडेल तालुक्याच्या सरासरीकडे ओढतं. जिच्या नोंदी भरपूर, तिचं म्हणणं जवळजवळ तसंच ऐकून घेतं. लेअर्ड आणि वेअर यांचा यावरचा गाजलेला पेपर १९८२ सालचा. गंमत म्हणजे त्याच सुमारास आपल्याकडे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि वि. म. दांडेकर यांच्यात कुपोषण कसं मोजावं यावर वाद रंगला होता. एकाच माणसाचं खाणं दिवसादिवसाला बदलतं, तो फरक माणसामाणसातल्या फरकापासून वेगळा काढा, हा सुखात्म्यांचा आग्रह. कोण बरोबर यावर अजूनही लोक भांडतात, पण आग्रह मात्र हाच.

आता आर सॉफ्टवेअर फुकट आहे, एलएमई-फोर फुकट आहे, दोन ओळींत मॉडेल चालतं. मग अडतं कुठे? तर आलेखात. मॉडेल चालवून झाल्यावर आपण पुन्हा एकच रेघ काढतो! सगळी मेहनत करून शेवटी तीच सरासरी.

माझं म्हणणं असं, की आधी प्रत्येक विहिरीची रेघ काढा, फिकट रंगात. याला बाहेर स्पॅगेटी प्लॉट म्हणतात, आपण शेवयांचा आलेख म्हणू. त्यावर तालुक्याची एक ठळक रेघ. शेवयांचा फारच गुंता झाला तर प्रत्येक विहिरीला छोटी चौकट द्या, आणि चौकटी गावांच्या नावाने न लावता खोलीप्रमाणे लावा. मूळ नोंदींचे ठिपके मॉडेलच्या रेघेमागे दिसलेच पाहिजेत, नाहीतर मॉडेल कुठे फसलं ते कळणार कसं? खोलीचा अक्ष उलटा करा हे वेगळं सांगायला नको, पण सांगते. जमीन वर, पाणी खाली. नाहीतर पाणी खोल गेलं की बार उंच होतो आणि बघणाऱ्याला वाटतं, वा, पाणी वाढलं!

आणि पट्टे दोन काढा. विहिरीविहिरीतला फरक चार मीटरचं स्टँडर्ड डेव्हिएशन असेल, तर दहा विहिरींच्या सरासरीभोवतीचा पट्टा दोन्हीकडे अडीच मीटरचा. पण नव्या, न मोजलेल्या विहिरीत पाणी कुठे लागेल याचा पट्टा आठ मीटरच्याही वर जातो. शेतकऱ्याला दुसरा पट्टा हवा असतो. आपण दाखवतो पहिला, कारण तो बारीक आणि देखणा दिसतो.

हे सगळं आलेखाच्या सौंदर्यापुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं. ९,६३३ कोटींहून जास्त खर्च झाला आणि भूजल पातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही असं कॅगच्या अहवालाने २०२० मध्ये म्हटलं. वाढ कामामुळे की पावसामुळे, यावर दोन्ही बाजू आपापल्या सोयीच्या सरासऱ्या घेऊन भांडल्या. पाऊस हा फिक्स्ड इफेक्ट म्हणून घालून, काम झालेल्या आणि न झालेल्या गावांच्या विहिरींच्या रेघा शेजारी-शेजारी मांडल्या, तर निदान भांडण मुद्द्यावर येईल.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, तो म्हणजे कोरड्या विहिरींचा. समजा तीन विहिरी, मे महिन्यात पाणी ४, ९ आणि १५ मीटरवर. सरासरी ९.३. पुढच्या मे मध्ये पहिल्या दोन अर्ध्या-अर्ध्या मीटरने उतरल्या, ४.५ आणि ९.५. तिसरी कोरडी पडली, म्हणून तक्त्यात रकाना रिकामा. नवी सरासरी काढा : ७.० मीटर. तीनही विहिरींचं पाणी गेलं, आणि रिपोर्ट म्हणतो पातळी दोन मीटरहून जास्त वर आली!

मिक्स्ड मॉडेल इथे थोडी मदत करतं, कारण तिसरी विहीर मुळात खोल होती हे ते विसरत नाही. पण पूर्ण नाही. ती नोंद योगायोगाने हरवलेली नाही, पाणीच नाही म्हणून हरवली आहे. तेव्हा रकाना रिकामा सोडू नका. विहिरीच्या तळाची खोली विचारून घ्या आणि आलेखात तिथे खाली तोंड केलेला लाल बाण काढा : पाणी याच्याही खाली. फायनल इयरच्या ज्या ग्रुपने यंदा भूजलाचा विषय घेतला असेल त्यांनी नोंदवहीत 'तळ' असा एक कॉलम आत्ताच वाढवावा, मे महिन्यात तो आठवत नाही.