टीईटी शिक्षकांची, परीक्षा आपली

दहावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांत गुणगौरव समारंभांचा हंगाम सुरू होतो. शादीखान्यात खुर्च्या मांडल्या जातात, पाहुण्यांची वाट बघत पोरं तासभर घामाघूम होतात, 'इक्रा'वर एक भाषण होतं, सच्चर समितीवर दुसरं. मग कुणीतरी माइक हातात घेऊन ठणकावतं की आमच्या उर्दू शाळांचं वाटोळं मास्तरांनी केलंय, पगार लाखाचा आणि पोरांना धड वाचता येत नाही. टाळ्या पडतात. पहिल्या दोन रांगांत बसून टाळ्या वाजवणाऱ्या बहुतेकांची स्वतःची मुलं त्या शाळेत नसतात. ती रिक्षाने किंवा पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात.

मला या पहिल्या दोन रांगांशी भांडायचं आहे. तिथे बसलेले लोक माझे आहेत, माझ्या घरातलेही आहेत.

गेल्या वर्षापासून या टाळ्यांना नवा जोर आला. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने टीईटीबद्दल निकाल दिला. ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे, अशा पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी सोडायची. ज्यांची पाच वर्षंही उरली नाहीत त्यांना सूट, पण बढती नाही. या खटल्याचं नावच 'अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' असं आहे. म्हणजे देशभरातल्या लाखो शिक्षकांचा प्रश्न न्यायालयापुढे गेला तो आपल्याच राज्यातल्या, आपल्याच एका संस्थेच्या नावाने. आणि आपण त्यावर चर्चा काय केली? निम्म्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'बरं झालं, आता कळेल' आणि निम्म्यांवर 'पन्नाशीतल्या आपांवर केवढा हा जुलूम'.

मी टीईटीच्या बाजूची आहे. पाचवीला अपूर्णांक शिकवणाऱ्याला अपूर्णांक आले पाहिजेत, यात जुलूम कसला? पण ती परीक्षा काय मोजते तेही बघा. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, दीडशे मिनिटं, चार पर्यायांतला एक निवडायचा. शिक्षकाला काय येतं ते थोडंफार कळतं. समोरच्या चाळीस पोरांना तो ते कसं देतो, मागच्या बाकावरच्या गप्प मुलीकडे त्याचं लक्ष जातं की नाही, हे कळत नाही. शिवाय महाराष्ट्राने या परीक्षेचीही अब्रू घालवून दाखवली आहे. 2021च्या शेवटी टीईटी घोटाळा उघड झाला तेव्हा पैसे देऊन पास झाल्याच्या आरोपात अडकलेल्यांचा आकडा सात हजारांच्या वर गेला आणि परीक्षा परिषदेचा प्रमुखच अटकेत होता.

म्हणून काही जण म्हणतात, टीईटी राहू द्या, निकाल बघा. ज्याच्या वर्गाचा निकाल चांगला तो मास्तर चांगला. ऐकायला सरळ वाटतं. माझा खरा वाद इथेच आहे.

मी उर्दू माध्यमाच्या एका अनुदानित शाळेत शिकले. यंत्रमागाचं गाव. सातवीपर्यंत माझ्या बाकावर माझी एक मैत्रीण होती. दोघींना तेच सर, तोच फळा, तीच फाटकी पुस्तकं. गणितात ती माझ्यापेक्षा चपळ होती. पाढे मी तिच्या तोंडून ऐकून पाठ केले. शाळा सुटली की ती घरी जाऊन कांड्या भरायची, मग दोन धाकट्या भावांना सांभाळायची. तिचे अम्मी-अब्बू शाळेची पायरी चढले नव्हते. माझी अम्मी दहावी पास होती. चाचा प्राथमिक शिक्षक होते आणि रोज मगरिबनंतर आम्हा भावंडांची पाटी बघायचे. घरात एक लाकडी टेबल होतं, त्यावर अभ्यासाच्या वेळी दुसरं काही ठेवायचं नाही असा अम्मीचा कायदा होता. आठवीला नवीन सर आले तेव्हा गणिताची जागा दीड वर्ष रिकामीच होती. ते दीड वर्ष चाचांनी भरून काढलं, माझ्यापुरतं. मैत्रिणीकडे चाचा नव्हते. नववीत ती नापास झाली आणि पुढच्या जूनमध्ये आली नाही.

आता सांगा, त्या शाळेच्या निकालात माझे 81 टक्के कुणाच्या खात्यावर जमा करायचे? शाळेने ते आपल्या फलकावर लिहिले. आणि तिचं नापास होणं कुणाच्या नावे टाकायचं? ते कुठल्याच फलकावर नाही.

मराठीत याला 'घरची पुण्याई' म्हणतात. आपण मुसलमान स्वतःबद्दल बोलताना नेहमी समाजाच्या मागासलेपणाची आकडेवारी पुढे करतो आणि ते रास्तच आहे. सच्चर समितीचा 2006चा अहवाल असो की महमूद-उर-रहमान समितीचा 2013चा, त्यात लिहिलेलं खोटं नाही. पण समाज मागास आहे म्हणजे समाजातलं प्रत्येक घर सारखंच मागास आहे, असं होत नाही. शिकलेली अम्मी, पगारी अब्बू, घरात एक शांत कोपरा, कॉलेजचा फॉर्म भरायला माहितगार मामू, हीसुद्धा इस्टेटच आहे. मला ती मिळाली. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना मिळाली असणार, नाहीतर मोबाइलवर एवढा मोठा लेख वाचत तुम्ही बसला नसता. सवर्णांना त्यांच्या विशेषाधिकारांची आठवण करून देताना आपला आवाज खणखणीत असतो. मोहल्ल्यात मात्र तो बसतो.

हे नुसतं माझं मत नाही. अमेरिकेत 1966मध्ये जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या गटाने सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. मुलांच्या गुणांमधला फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जोडलेला दिसला. पुढे तिथे शिक्षकांना मुलांच्या गुणवाढीवरून श्रेणी द्यायचं खूळ निघालं. 2010मध्ये लॉस एंजेलिसच्या एका वृत्तपत्राने सुमारे सहा हजार शिक्षकांची नावानिशी यादीच छापली. 2014मध्ये अमेरिकेच्या संख्याशास्त्र संघटनेने बजावलं की गुणांमधल्या फरकातला शिक्षकाचा वाटा बहुतेक अभ्यासांत 1 ते 14 टक्क्यांच्या दरम्यानच येतो. गंमत अशी की त्याच वर्षी राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी छापलेल्या अभ्यासात चांगल्या शिक्षकाचा परिणाम मुलांच्या मोठेपणीच्या कमाईतही दिसला. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात. घर जड असतं, आणि तरीही चांगली आपा आयुष्य बदलते. ज्याच्या घरी टेबल नाही त्याला तर आपाशिवाय दुसरं कोण आहे?

त्यामुळे शिक्षक संघटनांचाही माझ्यावर राग होणार आहे. 'पोरं गरिबाघरची आहेत, आम्ही काय करणार' हे वाक्य मी शिक्षकांच्या खोल्यांत इतक्यांदा ऐकलंय की त्याची चीड येते. 'असर'च्या 2022च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या शंभरातल्या जेमतेम 43 मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. उरलेली 57 सगळी घरच्या गरिबीने अडली नाहीत. काहींच्या वर्गात चार वर्षं कुणी त्यांचं वाचन ऐकूनच घेतलं नव्हतं. तपासणी झालीच पाहिजे. मात्र जूनमध्ये मूल कुठे होतं आणि एप्रिलमध्ये कुठे पोचलं, ते बघा. वर्गात बसून बघा, मुलांच्या वह्या उघडून बघा. अक्षर ओळखत नसलेलं मूल वर्षाअखेरीस वाक्य वाचू लागलं, तर त्या शिक्षिकेचा सत्कार करा. घरून वाचायला शिकून आलेल्या पोरांचे नव्वद टक्के दाखवणाऱ्या शाळेच्या आधी तिला स्टेजवर बोलवा.

आणि तिला शिकवू तरी द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढे अपवाद सोडून शिक्षकांना दुसऱ्या कामाला लावता येत नाही. प्रत्यक्षात आपा मतदारयादी घेऊन गल्लीत फिरत असतात, उरलेल्या वेळात खिचडीची नोंद आणि उपक्रमांचे फोटो मोबाइलवर चढवत असतात. लाखाच्या पगारावर बोलणाऱ्यांना हेही ठाऊक असावं की नवा शिक्षक पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक असतो आणि प्राथमिकला त्याचं मानधन 16 हजार आहे. 2023पूर्वी ते सहा हजार होतं. उर्दू माध्यमाचं आणखी एक दुखणं आहे. राखीव प्रवर्गांच्या जागांसाठी उर्दूत शिकलेले उमेदवार मिळत नाहीत, म्हणून त्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात. आरक्षणाला हात न लावता यातून वाट काढता येईल, पण त्यासाठी सरकारच्या मागे लागणारं कुणी हवं. मागे लागायची ताकद ज्यांच्याकडे आहे, त्यांची मुलं तिथे नाहीत.

सगळा गुंता इथे आहे. शिकलेलं घर सरकारी शाळेतून बाहेर पडतं तेव्हा फक्त एक मूल कमी होत नाही. मुख्याध्यापकाला जाब विचारणारी अम्मी जाते, शिक्षणाधिकाऱ्याला इंग्रजीत पत्र लिहिणारे अब्बू जातात. मागे उरतात त्यांना पालकसभेची चिठ्ठी वाचता येत नाही आणि लूमची पाळी सोडून येता येत नाही. मग शाळा घसरते, आणि घसरली म्हणून आणखी लोक बाहेर पडतात. बाहेर पडून जातात कुठे? दोन मजली इमारतीत 'इंटरनॅशनल' अशी पाटी लावलेल्या शाळेत, जिथे आमच्या मोहल्ल्यातली बी.ए. झालेली पोरगी सात-आठ हजारांत चार विषय शिकवते. तिची टीईटी कुणी विचारत नाही.

सरकारलाही हे सोयीचंच आहे. फेब्रुवारी 2024मध्ये राज्याने नियम बदलून टाकला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला गरीब मुलांसाठीच्या 25 टक्के जागांतून सुटका. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो नियम रद्दच केला. गरिबाचं मूल आपल्या मुलाच्या बाकावर बसू नये, ही इच्छा त्या नियमात स्वच्छ दिसत होती. त्या लढाईत आपल्या किती संस्था उतरल्या, आठवून बघा.

संस्थांचा विषय निघालाच आहे तर. 2014च्या प्रमती निकालापासून अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायदाच लागू नाही. ना 25 टक्के, ना बाकीच्या अटी. गेल्या वर्षीच्या टीईटी निकालात न्यायालयाने त्या निकालावर शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असं सुचवलं, आणि आपले संस्थाचालक लगेच 'कलम 30 खतरे में' म्हणून उभे राहिले. कलम 30 मलाही प्यारं आहे. बहुसंख्याकवादाच्या काळात ते जपलंच पाहिजे. पण संस्था चालवण्याचा हक्क म्हणजे ती वाईट चालवण्याचा हक्क नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1958मध्येच केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणात सांगून ठेवलंय. नेमणुकीसाठी किती मोजावे लागतात याचे भाव चहाच्या टपरीवर ऐकू येतात, भाचा आणि जावई हजेरीपटावर असतात, आणि कुणी विचारलं की संविधान पुढे धरलं जातं. त्या वर्गात बसलेली मुलंसुद्धा अल्पसंख्याकच आहेत. कलम 30 त्यांच्या नावाने मिळालंय.

फुले 1882मध्ये हंटर आयोगापुढे हेच सांगत होते. सारा भरतो रयत आणि त्या पैशावर शिकतात वरच्यांची पोरं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक चांगले आणि बऱ्या पगाराचे नेमा. फातिमा शेख यांचं नाव आपण दर जानेवारीला पोस्टरवर छापतो. ज्यांच्या घरात अक्षर नव्हतं अशांच्या मुलींसाठी ती शाळा होती, हे त्या पोस्टरवर लिहीत नाही.

तर या जूनमध्ये सत्काराचं पाकीट घ्या, फोटो काढा, आणि त्यानंतर जवळच्या पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत जा. तिथे शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका लागतात. आमच्या भागातल्या एका समितीच्या वहीत वर्षभर त्याच सहा सह्या आणि तीन अंगठे आहेत, आणि ज्यांचे अंगठे आहेत त्यांना ठराव वाचून दाखवलेला नाही. तुम्ही पालक नसाल, तर एखाद्या खालाला किंवा भाभीला घेऊन जा, ठराव तिला वाचून दाखवा. अनुदानित शाळा असेल तर माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि गेल्या तीन वर्षांत आठवीतून नववीत न गेलेल्या मुलींची संख्या. अर्जाचं शुल्क दहा रुपये आहे. आणि पुढच्या समारंभात पहिल्या रांगेतले कुणी मास्तरांना शिव्या देऊ लागले, तर उठून एवढंच विचारा: चाचा, तुमची नातवंडं कुठल्या शाळेत आहेत?