लॅपटॉप हँग झाला? पॉवरचे बटण सर्वात शेवटी



मुलांच्या अभ्यासासाठी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून घेतलेली घरे आमच्या परिचयात बरीच आहेत. तक्रार बहुधा एकच असते. ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडले की सगळे ठप्प, माऊससुद्धा हलत नाही. मग कुणीतरी पॉवरचे बटण दाबून धरते आणि मुलीने तासभर टाइप केलेला प्रकल्प जातो.

अशा वेळी यंत्र बहुधा बंद पडलेले नसते, त्याची रॅम भरलेली असते. ४ जीबी रॅम अपुरी पडली की लिनक्स काही भाग डिस्कवरच्या 'स्वॅप' या जागेत हलवते. डिस्क रॅमपेक्षा फार मंद, म्हणून सगळे थांबल्यासारखे वाटते. डिस्कचा दिवा सतत लुकलुकत असेल, तर हेच कारण असण्याची शक्यता जास्त.

आधी दोन-तीन मिनिटे थांबा. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळा पडदा येईल. तिथे नाव आणि पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, घाबरू नका. 'टॉप' हा शब्द छोट्या इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर दाबा. शिफ्ट धरून एम दाबले की सर्वात जास्त रॅम खाणारा प्रोग्रॅम वर येतो. के दाबा, त्याच्या ओळीतला डावीकडचा पहिला क्रमांक लिहा आणि दोनदा एंटर दाबा. फक्त तोच प्रोग्रॅम बंद होईल, बाकीचे काम वाचेल. परत येण्यासाठी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२. मिंटमध्ये बहुधा एफ७.

काळा पडदाही आला नाही, तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून एस, यू, बी ही अक्षरे थोड्या थोड्या अंतराने दाबा. पहिल्याने डिस्कवर लिहायचे राहिलेले लिहिले जाते, दुसऱ्याने डिस्क सुरक्षित होते, तिसऱ्याने लॅपटॉप पुन्हा सुरू होतो. उबुंटूत ही सोय मुळातच चालू असते. सेव्ह न केलेले काम मात्र यात वाचत नाही.

पुन्हा पुन्हा असे झाले, तर लिनक्स नव्याने टाकायची घाई नको. टॅब कमी ठेवा. रॅम रिकामी असूनही अडत असेल, तर ब्राउझरच्या सेटिंगमधले 'हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन' बंद करून पाहा. दोष ग्राफिक्सचा असू शकतो.

ही बटणे एका चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवा. ऐन वेळी ती आठवत नाहीत.