स्थळे सेलूची, सातबारा कंपनीचा

निजामी राजवटीत उच्च शिक्षणाची वाट उर्दूतूनच जात होती. त्या काळात मराठवाड्यात लोकांच्या बळावर ज्या मोजक्या खाजगी शाळा उभ्या राहिल्या, त्यांत अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाबरोबर सेलूच्या नूतन विद्यालयाचे नाव घेतले जाते. हैदराबाद संस्थानाची मुक्ती १७ सप्टेंबर १९४८ रोजी झाली. तिची पूर्वतयारी अशाच शाळांच्या वर्गांतून झाली, हे मराठवाड्यात कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. परंतु मोबाइल फोनवरील एका जगप्रसिद्ध खेळाच्या नियमानुसार ही शाळा 'दखल घेण्याजोगे स्थळ' ठरत नाही. उलट २०१६ च्या डिसेंबरात, नोटाबंदीच्या रांगा अजून सरल्या नव्हत्या तेव्हा, रिलायन्सची देशभरातील हजारो दुकाने आणि चार्जिंग केंद्रे एका करारासरशी तशी स्थळे ठरली. त्यांच्या ऐतिहासिक महत्त्वाची परीक्षा कोणी घेतली नाही.

खेळाचे नाव 'पोकेमॉन गो'. खेळाडू फोन हातात धरून प्रत्यक्ष रस्त्यावर हिंडतो, आणि गावातील पुतळा, मंदिर, कारंजे, वाचनालय अशा खऱ्या जागांवर पडद्यामध्ये थांबे उभे असतात. तेथे पोहोचले की काही काल्पनिक वस्तू मिळतात. यात वाईट काही नाही. पोरे चार पावले चालतात, गावातील न पाहिलेली गल्ली पाहतात. खेळाला नाक मुरडणे हे पुरोगामित्वाचे लक्षण मानणाऱ्यांनी ते नाक खुशाल मुरडावे. येथे प्रश्न निराळा आहे. सेलूत कोणती जागा 'जागा' आहे आणि कोणती नाही, हे कोणी ठरवावयाचे?

हा खेळ नियांटिक या अमेरिकन कंपनीने जुलै २०१६ मध्ये आणला. तिचा जन्म २०१० साली गूगलच्या पोटात झाला. तिचा प्रमुख जॉन हँके याच्या आधीच्या नकाशा कंपनीत अमेरिकन गुप्तहेर खात्याशी जोडलेल्या गुंतवणूक संस्थेचा पैसा होता. तीच कंपनी पुढे 'गूगल अर्थ' झाली. नियांटिकने आधी 'इनग्रेस' नावाचा खेळ काढला, आणि त्याच्या खेळाडूंनी जगभरातील जागांची छायाचित्रे काढून पाठविली. पोकेमॉनचे थांबे या फुकट मिळालेल्या साठ्यावर उभे राहिले. अर्थात ज्यांच्या हाती त्या काळी महागडे फोन होते, त्यांच्याच पायाखालची जमीन नकाशावर आली. वॉशिंग्टन शहरात अर्बन इन्स्टिट्यूट या संस्थेने २०१६ साली मोजदाद केली, तेव्हा गोऱ्या बहुसंख्येच्या वस्तीत सरासरी ५५ आणि काळ्या बहुसंख्येच्या वस्तीत १९ स्थळे निघाली. खुद्द राजधानीत ही गत, तर २०११ च्या जनगणनेत पन्नास हजारांच्या आत लोकसंख्या असलेल्या एका कापसाच्या बाजारपेठेने कसली अपेक्षा करावी?

पुढे कंपनीने निवडीची रीतसर व्यवस्था केली. ऑक्टोबर २०१९ पासून तिला 'वेफेअरर' म्हणतात. खेळाडूने स्थळ सुचवावयाचे, छायाचित्रे जोडावयाची, नाव लिहावयाचे. मग दुसरे खेळाडू, जे गावातले असतील अथवा शेकडो कोसांवरचे, त्यावर मत देणार. अलीकडे या मतदानात यंत्रही बसते. जागा हिंडण्याजोगी, व्यायामाची किंवा लोकांनी एकत्र येण्याची असावी. ती कायमस्वरूपी आणि वेगळेपणा असलेली असावी. तेथे सुरक्षितपणे पायी जाता यावे. शाळा, खाजगी घर चालणार नाही. नुसते झाड किंवा टेकडी चालणार नाही. सर्वत्र सारखी दिसणारी वस्तू चालणार नाही. शाळेबाहेर अनोळखी माणसांनी फोन रोखून उभे राहू नये, हे कारण रास्तच आहे, आणि त्यासाठी नूतन विद्यालय वगळले गेले तर तक्रार नाही. परंतु हीच कसोटी घेऊन सेलूच्या रस्त्यांवरून चालत जावे, म्हणजे ती कोणासाठी बेतलेली आहे ते कळते.

केशवराज बाबासाहेब महाराजांचे मंदिर पहिल्या फटक्यास उत्तीर्ण होईल. येथील गोपाळराव देशमुखांना शिर्डीच्या साईबाबांचे गुरू मानणारी परंपरा आहे आणि मंदिर सुबक आहे. रेल्वे स्टेशनही बहुधा पार पडेल. मग मोंढ्याकडे वळावे. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग जेथे लागते, शेतकरी जेथे भावाच्या आशेने रात्र काढतो, ती जागा म्हणजे नुसता रस्ता, नापास. हमाल ज्या लिंबाखाली भाकरी सोडतात तो लिंब निसर्गनिर्मित आहे, त्यावर फलक नाही, नापास. आठवडी बाजार संध्याकाळी उठतो, म्हणून कायमस्वरूपी नाही. हातपंप सर्व गावांत सारखाच असतो, म्हणून वेगळेपणा नाही. पाणी आणण्यासाठी बायांना वर्षानुवर्षे जेथे भेटावे लागले, ते 'एकत्र येण्याचे ठिकाण' कसे नव्हे, असे विचारण्याची सोय अर्जात नाही. समाजमंदिर उत्तीर्ण होऊ शकते, परंतु शासकीय छापाची ती इमारत परक्या परीक्षकाला क्षुल्लक वाटली तर संपले. आणि तालुक्यातील निम्न दुधना धरणाच्या पाण्याखाली जी गावठाणे गेली, त्यांचे काय? पाण्याखालच्या वेशीला सुरक्षित पायवाट नसते.

कसोटीने दगड, चुना आणि फलक मोजले. श्रमाने घडलेली जागा तिला दिसत नाही, कारण श्रम फलक लावीत नाहीत.

तरीही नियम सर्वांना सारखा असता तर भांडण इतके तीव्र झाले नसते. साखळी दुकान एखाद्या खेळाडूने सुचविले तर ते 'सर्वत्र सारखे' म्हणून फेटाळले जाते. तेच दुकान कंपनीशी करार करून आले की दार उघडते. जपानमध्ये जुलै २०१६ मध्येच मॅकडोनल्डची सुमारे ३००० उपाहारगृहे थांबे आणि आखाडे झाली. त्याच वर्षी अमेरिकेत स्टारबक्सची हजारो कॉफीगृहे आणि भारतात रिलायन्स त्याच मार्गाने आत आली. म्हणजे कसोटी निर्धनांसाठी, आणि धनवंतांसाठी दरपत्रक. हमालाच्या लिंबाला वेगळेपणा सिद्ध करावा लागतो, बर्गरला तो लागत नाही.

नको म्हणण्याच्या अधिकाराचीही हीच तऱ्हा आहे. अमेरिकेतील घरमालकांनी आपल्या दाराशी गर्दी होते म्हणून दावा केला. २०१९ च्या तडजोडीत कंपनीने घरापासून ४० मीटरच्या आतील थांब्यांच्या तक्रारी १५ दिवसांत सोडविण्याचे मान्य केले. त्याच देशातील मिलवॉकी परगण्याच्या लोकनियुक्त मंडळाने मात्र सार्वजनिक बागांत असे खेळ चालविण्यास परवाना हवा, असा नियम केला, तेव्हा दुसऱ्या एका खेळाची कंपनी न्यायालयात गेली आणि जुलै २०१७ मध्ये त्या नियमाला स्थगिती मिळाली. घराच्या मालकाला नकाराधिकार मिळाला, बागेच्या मालकाला, म्हणजे जनतेला, नाही. आपल्याकडे गुजरात उच्च न्यायालयात २०१६ साली याचिका झाली ती देवळांत काल्पनिक अंडी दिसतात आणि भावना दुखावतात म्हणून. देऊळ, रस्ता, चौक या सर्वांचा धंद्यासाठी वापर होतो, त्याचा मोबदला कोणाला, हा प्रश्न तेथे मांडला गेला असता तर बरे झाले असते. भावना दुखावण्याचा वेग आपल्याकडे जात्याच अधिक.

मोबदल्याचा हिशेब आता उघड झाला आहे. मार्च २०२५ मध्ये नियांटिकने आपला खेळांचा व्यवसाय स्कोपली या कंपनीला ३.५ अब्ज डॉलरना, म्हणजे सुमारे तीस हजार कोटी रुपयांना विकण्याचे जाहीर केले. स्कोपलीची मालकी सौदी अरेबियाच्या सरकारी निधीकडे जाते. नकाशाचे तंत्र निराळ्या कंपनीत ठेवले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्येच नियांटिकने सांगितले होते की जगभरातील एक कोटी स्थळांचे तपशीलवार चित्रण तिच्यापाशी आहे आणि त्यातून यंत्राला भूगोल शिकविला जात आहे. हे चित्रण कोणी केले? खेळाडूंनी, थांब्याभोवती फोन फिरवून. स्थळे कोणी शोधली, कोणी तपासली? त्यांनीच. बदल्यात खेळातले चेंडू, फळे, आणि शंभर निर्णय बहुमताशी जुळले की स्वतःच्या सूचनेला थोडा अग्रक्रम. गिरणीमालकाला निदान आठवड्याचा पगार द्यावा लागे. भारत सरकारने फेब्रुवारी २०२१ च्या भू-स्थानिक धोरणात रस्त्यावरील फिरते चित्रण भारतीय संस्थांपुरते राखून ठेवले आहे. मग परक्या कंपनीसाठी खेळाडूंच्या हातून होणारे चित्रण कोणत्या कलमात बसते, याचे उत्तर सरकारने द्यावयास हवे.

'शेवटी पोरांचा खेळ तो, त्यात एवढे काय' असे म्हणणाऱ्यांनी मराठवाड्याचा इतिहास आठवावा. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. ज्या प्रदेशाने एका नावासाठी सोळा वर्षे रक्त आणि अश्रू दिले, त्याला नाव कोण लिहितो हा प्रश्न खेळाचा वाटू नये. या व्यवस्थेत स्थळाचे नाव सुचविणारा लिहितो. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय केला. गल्लीतल्या कोणी जुन्या सवयीने तेच नाव टंकित केले आणि दूरच्या, मराठी न जाणणाऱ्या परीक्षकाने ते मान्य केले, तर शासनाने पुसलेले नाव कंपनीच्या पडद्यावर कायम होईल. शिवाय कोणत्या वस्तीतला बुद्धविहार, कोणता दर्गा, अण्णाभाऊंचा कोणता पुतळा सुचवावयाचा, हे फोन कोणाच्या हाती आहे त्यावर ठरेल. गावातील जुनी उतरंड आपोआप नव्या नकाशात उतरते, त्यासाठी अमेरिकेतून कोणी यावे लागत नाही. नगरपरिषदेने आजवर फलक कोठे लावले आणि कोठे लावले नाहीत, हेही एकदा मोजावे. तो दोष परक्यांच्या माथी मारता येणार नाही.

म्हणून सेलूच्या नगरपरिषदेने आणि तालुक्यातील ग्रामसभांनी आपली स्थळवही स्वतः करावी. प्रभागवार बैठका घ्याव्यात; मोंढ्यातील हमाल, बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या, दुधनेचे विस्थापित यांना आधी बोलवावे, व्यापारी मंडळींना मागाहून. ठरलेली नावे मराठीत लिहावीत आणि ओपनस्ट्रीटमॅपसारख्या, २००४ पासून लोकांनीच चालविलेल्या मुक्त नकाशावर टाकावीत, म्हणजे ती कोणा एकाची मालमत्ता होणार नाहीत. कोणत्याही कंपनीला गावाच्या चौकात धंदा थाटावयाचा असेल तर तिने ती वही पाहावी, वहीतले नाव वापरावे आणि चौकाचे भाडे भरावे. भाजीवाली रोज बसण्याची पावती फाडते. तिच्यासमोरच्या पुतळ्यावर पडद्यातले दुकान मांडणाऱ्याने ती का फाडू नये, याचे कारण अजून कोणी सांगितलेले नाही.