छपरावर चढण्यापूर्वी

मृगाचा पाऊस जवळ आला, की कोकणात घरे शाकारण्याची आणि अन्यत्र पत्र्यांच्या भेगा बुजविण्याची घाई उडते. वाचकहो, आपण कोणत्याही प्रांतात असा, वर्षातून एकदा तरी आपल्या भिंतीला शिडी लागतेच.

चार मजल्यांवरून खाली पाहताना कोणाचीही छाती धडधडते. पुरुषभर उंचीचे मात्र भय वाटत नाही. वास्तविक २ मीटरवरून निसटलेला मनुष्य पाऊण सेकंदाच्या आत, ताशी सुमारे २२ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. सावरण्याचा विचार सुचेपर्यंत सर्व आटोपलेले असते.

शिडी भिंतीला चार हात उंचीवर टेकत असेल, तर तिचा पाय भिंतीपासून एक हात दूर ठेवावा. अधिक उभी शिडी मागे उलथते, अधिक तिरपी पायाशी सरकते. छपरावर उतरावयाचे असल्यास तिचे टोक वळचणीच्या वर १ मीटरभर राहू द्यावे आणि ते बांधून टाकावे. लाकडी शिडीला रंग देण्याचा मोह आवरावा, कारण रंगाखाली चीर लपते. धातूची शिडी विजेच्या तारांजवळ नेऊच नये.

सर्वांत फसवे छप्पर सिमेंटच्या पत्र्यांचे. वरून ते फरशीसारखे भक्कम दिसते, परंतु जुना पत्रा माणसाच्या भाराने अकस्मात फुटतो आणि मनुष्य आरपार खाली जातो. खालच्या वाशांच्या रेषेवर पाऊल टाकीत चालणारे कसबी लोक आहेत खरे. शेवाळावर पाय घसरला म्हणजे त्यांचे कसबही निरुपयोगी ठरते. निदान दोन वाशांवर टेकेल अशी रुंद, मजबूत फळी घातल्यावाचून कोणासही वर जाऊ देऊ नये.

कमरेला दोर बांधला की काम झाले, हा समजही चुकीचा. पडताना बसणारा हिसका मग पोटावर आणि कण्यावर येतो. खांद्यांवरून व मांड्यांभोवती येणारा पट्टा घ्यावा, आणि त्याचा दोर डोक्याच्या वर पक्क्या ठिकाणी अडकवावा. पायाशी अडकविलेला दोर आधी मनमुराद पडू देतो.

रोजंदारीवर आलेला कारागीर बहुधा हसून म्हणेल, “बाई, रोजचेच काम आहे!” त्याच्या हसण्याला भुलू नका. पट्टा आपण आणून द्यावा, तो बांधल्याशिवाय शिडी धरू नये, आणि घाईने उरकलेल्या कामाबद्दल बक्षिसी तर मुळीच देऊ नये.

इतके करूनही कोणी पडलाच, तर त्याला हातापायांना धरून उचलू नका, बसते करू नका, पाणी पाजू नका. मान हलू न देता त्याला तेथेच निजलेला राहू द्या, आणि ११२ क्रमांकावर दूरध्वनी करा.