गच्चीवरच्या केबलपासून

चित्रपट निर्माते रॉनी स्क्रूवाला म्हटले की बहुतेकांना ‘रंग दे बसंती’ आठवतो. आम्हाला मात्र त्यांच्या कारकिर्दीतला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचा काळ सर्वांत मोलाचा वाटतो. घरात दूरदर्शनची एकच वाहिनी दिसायची, तेव्हा त्यांनी मुंबईत इमारतींच्या गच्च्यांवरून केबल ओढली आणि सिनेमे थेट दिवाणखान्यात आणले. घरबसल्या काही पाहायचे आणि त्याचे दरमहा पैसे मोजायचे, ही सवयच तोवर कुणाला नव्हती. ती लावण्यासाठी दारोदार फिरून एकेका कुटुंबाला पटवावे लागे.

१९९० मध्ये त्यांची यूटीव्ही ही कंपनी आली, पुढे चित्रपट आले आणि २०१२ मध्ये कंपनी डिस्नेकडे गेली. २०१५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘अपग्रॅड’ सुरू केली, नोकरी करणाऱ्यांना इंटरनेटवरून पुढचे शिक्षण देणारी. निर्माता भलत्याच वाटेला गेला, असे अनेकांना वाटले. आम्हाला तसे वाटत नाही. घराघरात पोहोचण्याचे तेच जुने काम नव्या तारेवरून सुरू झाले.

मराठीशीही त्यांचा संबंध आला: ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा मराठी चित्रपट २०१० मध्ये चित्रपटगृहांत आणण्यात यूटीव्हीचा हात होता. चांगल्या वेळेच्या खेळांसाठी आजही झगडणाऱ्या मराठी निर्मात्यांनी स्क्रूवालांचा केबलचा काळ जरूर अभ्यासावा; प्रेक्षकाच्या घरापर्यंत स्वतः कसे पोहोचायचे, ते तिथे दिसते.