सेवेची तयारी

साथीचा रोग गावात शिरला, म्हणजे घरोघरची दारे बंद होऊ लागतात. अशा वेळी रोग्याच्या उशाशी जाऊन बसणारी माणसे थोडीच असतात. डॉक्टर आणि परिचारिका यांचा तर तो धर्मच होय. परंतु त्यांचे हात अपुरे पडू लागले, म्हणजे वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या तरुण विद्यार्थ्यांकडे समाजाची दृष्टी वळते. त्यांनी पुढे यावे काय? ज्याने हा मार्ग पत्करला, त्याने संकटाला पाठ दाखवू नये, असे कोणी म्हणतात. ज्यांचे शिक्षण अजून पुरे झालेले नाही, त्यांना आगीत का लोटावे, असे दुसरे विचारतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. यांतून योग्य मार्ग कोणता, हे डेन्मार्क देशातील एका घटनेवरून चांगले समजते.

१९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. या रोगात हातपाय तर लुळे पडतातच. पण कित्येकांचे श्वासोच्छ्वासाचे स्नायूही निकामी होतात आणि रोगी गुदमरू लागतो. तेथील ब्लेगडाम रुग्णालयात श्वास चालू ठेवणारी यंत्रे अवघी सात होती. यंत्रांचा आधार दिलेल्या पहिल्या ३१ रोग्यांपैकी २७ जण दगावले. तेव्हा रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर लासेन यांनी भूल देण्याच्या शास्त्रातील तज्ज्ञ डॉक्टर इब्सेन यांना पाचारण केले. ऑगस्ट महिन्यात बारा वर्षांची एक मुलगी अगदी मरणाच्या दारी पोचली होती. तिच्या श्वासनलिकेस छिद्र पाडून तीत नळी बसविण्यात आली, आणि नळीला जोडलेली रबरी पिशवी हाताने दाबून इब्सेन यांनी तिच्या फुप्फुसांत प्राणवायू पोचविला. मुलगी वाचली.

उपाय सापडला खरा, पण पिशवी दाबणारा हात क्षणभरही थांबून चालणार नव्हते. रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे हे काम चालावयाचे. आणि साथीचा जोर वाढला, तेव्हा असे सुमारे सत्तर रोगी एकाच वेळी रुग्णालयात होते. इतके हात आणावयाचे कोठून? वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हाक देण्यात आली. पोलिओची लस तेव्हा निघाली नव्हती, आणि हा रोग तरुणांनाही सोडीत नसे. तरीही सुमारे १५०० विद्यार्थी पुढे आले. पाळीपाळीने ते रोग्याच्या उशाशी बसत, पिशवी दाबीत आणि त्याला धीर देत. काही रोगी त्यांच्या डोळ्यांदेखत गेले; तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर यावयाचे असे. या अखंड सेवेमुळे अशा रोग्यांतील मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले.

हे यश केवळ धैर्याचे नव्हते. त्या विद्यार्थ्यांना झेपेल आणि थोडक्या वेळात शिकता येईल, असेच काम देण्यात आले होते. अनुभवी डॉक्टर आणि परिचारिका जवळच होत्या. त्यांच्या हाती शस्त्रक्रियेची सुरी दिली असती, तर त्याच उत्साहाने अनर्थ केला असता. पोहता न येणाऱ्याने बुडत्यासाठी उडी घेतली, तर काठावरच्या लोकांना दोघांना वाचवावे लागते.

मराठीतील ‘तयारी’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. काम करण्याची इच्छा ही मनाची तयारी, आणि काम करण्याचे कौशल्य ही हाताची तयारी. सेवेला दोन्ही लागतात. मे २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत भारत सरकारने वैद्यकाच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची मदत घेण्याचे ठरविले, तेव्हा सौम्य आजाराच्या रोग्यांना दूरध्वनीवरून सल्ला देणे व त्यांच्यावर लक्ष ठेवणे, हे काम त्यांच्याकडे सोपविण्याचे योजिले. तेही आधी माहिती देऊन आणि अध्यापकांच्या देखरेखीखाली. हा विचार योग्यच होता.

परंतु तिसरीही एक तयारी आहे, आणि ती समाजाने करावयाची असते. २०२० साली कोरोनाची साथ जगभर पसरली, तेव्हा अनेक देशांत प्रत्यक्ष डॉक्टरांनाही पुरेसे मुखपट्ट व संरक्षक पोशाख मिळत नव्हते. अशा स्थितीत एखादा विद्यार्थी कचरला, तर त्यास भित्रा ठरविणे अन्यायाचे होईल. कोणाच्या घरी वृद्ध आजी असेल, कोणी स्वतःच दुर्बल असेल. सेवा मनापासून व्हावी. ती धाकाने किंवा लाजेने करवून घेऊ नये. जो पुढे येईल, त्याला शिकवावे, त्याचे रक्षण करावे, तो आजारी पडल्यास त्याची काळजी वाहावी आणि बुडालेला अभ्यास भरून काढण्यास सवड द्यावी.

संकटकाळी तरुण धावून येतात, ही राष्ट्राची मोठी पुण्याई होय. पण त्यांच्या धैर्यावर विसंबून आपण हात जोडून बसावे, हे शहाण्या समाजास शोभत नाही. त्यांच्याकडे सेवा मागण्यापूर्वी समाजाने आपली तयारी पुरी करावी. मगच ती मागण्याचा अधिकार त्याला प्राप्त होतो.