निद्रिस्त खात्यातील मोठी रक्कम

आपल्या बडोद्यातील बहुतेक ज्येष्ठ डॉक्टरांचे एखादे तरी बचत खाते असे असते, की ज्याचे पासबुक कपाटाच्या तळाशी पडलेले असते. इंटर्नशिपचा पहिला भत्ता ठेवण्यासाठी रावपुऱ्यात वा दांडिया बाजारात उघडलेले हे खाते, दवाखान्याचे चालू खाते निघाल्यावर मागे पडते. पुढे दवाखान्याची जागा विकली जाते, किंवा सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची पंधरा वर्षांची मुदत संपते, आणि आयुष्यातील सर्वांत मोठी रक्कम नेमकी त्याच खात्यात येऊन पडते. पैसा घामाचा, व्यवहार नोंदणीकृत, कर भरण्याची पूर्ण तयारी. तरीही बँकेतून विचारणा होते, "साहेब, ही रक्कम कशाची?"

हा प्रश्न अनेकांना अपमानास्पद वाटतो. मला तसे वाटत नाही. ज्याची रक्तशर्करा वर्षानुवर्षे शंभरच्या आत आहे, त्याचा अहवाल एके दिवशी चारशेचा आला, तर आपण रुग्णावर आरोप करीत नाही. परंतु चौकशी केल्याशिवाय त्याला घरीही पाठवीत नाही. बँकेचेही तसेच आहे. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा, अंमल २००५ पासून. खातेदाराच्या नेहमीच्या उलाढालीशी न जुळणारा व्यवहार पारखणे आणि संशय वाटल्यास वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळविणे हे बँकेचे कर्तव्य आहे. असे कळविल्याचे ग्राहकास सांगण्याची तिला मुभा नाही. काउंटरवरील मौन हा दर वेळी उर्मटपणा नसतो. (कधी कधी असतोही!)

दहा लाखांच्या मर्यादेविषयी मात्र आपल्यात फार गैरसमज आहे. एका आर्थिक वर्षात बचत खात्यात दहा लाख वा अधिक रोख भरली, तर बँक ते आयकर खात्यास कळविते. हा नियम रोखीचा आहे. केवळ खात्यात जमा झाली म्हणून कोणतीही रक्कम करपात्र होत नाही. ती आली कोठून, यावर कर ठरतो. जागेच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो. भविष्य निर्वाह निधीची रक्कम करमुक्त असते. तेव्हा भीतीपोटी रक्कम तुकड्यातुकड्यांनी घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. संशय त्यानेच वाढतो.

बँकांचाही दोष आहेच. एकच कागद तीन टेबलांवर तीनदा मागायचा, आणि सत्तरी उलटलेल्या माणसाला 'उद्या या' म्हणायचे, ही रीत सुधारली पाहिजे. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराकडून व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय ठरते, आणि ते पुन्हा चालू केल्याशिवाय त्यातून पैसे निघत नाहीत. रिझर्व्ह बँकेचे जे निर्देश १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले, त्यांनुसार यासाठी शुल्क घेता येत नाही, आणि ओळखपत्रे कोणत्याही शाखेत देता येतात. हे शाखेतील सर्वांनाच ठाऊक असते असे नाही. म्हणून रक्कम येण्यापूर्वीच शाखेत जाऊन खाते जागे करावे आणि खरेदीखताच्या मसुद्याची प्रत व्यवस्थापकांना दाखवून ठेवावी. मुलीच्या शिक्षणासाठी वा पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी पैसा हवा असताना ही धावपळ नको.

रक्कम आल्यावर ती तेथेच झोपू देऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे. ठेव विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० रोजी एक लाखावरून पाच लाख झाली. पण ती एका बँकेतील सर्व शाखांची मिळून, व्याजासह आहे. आपल्या समाजाचा सहकारी बँकांवर जीव. तरी सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा आरंभी ठेवीदारांना केवळ एक हजार रुपये काढता येत होते, हे विसरता येत नाही.

आणि नामनिर्देशन. जुन्या खात्यावर बहुधा आईचे वा वडिलांचे नाव असते, आणि ते आज हयात नसतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यावर चार नावे, प्रत्येकाचा हिस्सा ठरवून, देता येऊ लागली आहेत. ओळखपत्रे घेऊन शाखेत जालच, तेव्हा तोही अर्ज भरून द्यावा.